पॉलिनेशियन भाषांची वंशावळ

१७६९ च्या ऑक्टोबर महिन्यांत कॅप्टन जेम्स कुक ह्याचें 'एन्डेव्हर' हें जहाज न्यूझीलंडच्या पूर्व किनाऱ्याला लागलें. तेथील माओरी लोकांशीं झालेल्या पहिल्याच गांठींत चकमक उडाली व एक माओरी प्राणास मुकला. दुसऱ्या दिवशीं दोन्ही पक्ष नदीच्या दोन तीरांवर शस्त्रें परजून उभे असतां कुकच्या मंडळींतून एक मनुष्य पुढें झाला आणि आपल्या मातृभाषेंत मोठ्यानें बोलूं लागला. आश्चर्य असें कीं, समोरच्या लोकांना त्याचें बोलणें समजलें, व त्यांनीं उत्तरही दिलें. हा मनुष्य म्हणजे तुपाइआ. तो रायातेआ बेटाचा पुरोहित व नौकानयनांत निष्णात असा पुरुष असून त्याच वर्षीं ताहिती येथें जहाजावर चढला होता. त्याच्या बेटापासून न्यूझीलंड चार हजार किलोमीटरांच्या आसपास दूर, आणि मध्यें बहुतेक उघडा समुद्र. तुपाइआच्या मध्यस्थीनें रक्तपात सर्वस्वीं टळला असें नाहीं. परंतु पुढील सहा महिने न्यूझीलंडच्या किनाऱ्यावर जें कांहीं बोलणें झालें तें मुख्यतः त्याच्याच मुखानें झालें. १७७८ च्या जानेवारींत कुक हवाई बेटांना पोंचला, तेव्हां होड्यांतून जहाजाभोंवतीं जमलेल्या लोकांच्या तोंडींही ताहितीच्या भाषेशीं जुळणारे शब्द ऐकूं आले.

उत्तरेस हवाई, नैर्ऋत्येस न्यूझीलंड आणि आग्नेयीस रापा नुई, म्हणजे ज्याला युरोपीय लोक ईस्टर बेट म्हणतात तें, अशा तीन टोंकांच्या त्रिकोणांत पॉलिनेशिया वसलेला आहे. ह्या त्रिकोणांत व त्याच्या पश्चिमेस विखुरलेल्या कांहीं लहान बेटांवर मिळून सुमारें ३५ ते ४० पॉलिनेशियन भाषा मोजल्या जातात. त्या एकाच कुळांतील आहेत हें तुपाइआच्या संभाषणावरून कोणालाही कळलें असतें. परंतु कुळ एक आहे एवढें सांगून वंशावळ पुरी होत नाहीं. कोणती भाषा कोणाची सख्खी बहीण, कोणती चुलत, कोणती शाखा आधीं फुटली व कोणती मागून, हे प्रश्न त्यापुढचे. त्यांचीं उत्तरें कशीं शोधलीं गेलीं, आणि त्या शोधांत सारखेपणा हाच कसा वेळोवेळीं फसवा साक्षीदार ठरला, हें पाहण्यासारखें आहे.

सारखेपणाची पहिली नोंद कुकच्याही आधींची आहे. १६१६ सालीं डच खलाशांनीं पॅसिफिकमधील बेटांवर जमविलेले शब्द पाहून आद्रियान रेलँड ह्या डच पंडितानें १७०८ मध्यें दाखवून दिलें कीं, ते शब्द मलायी भाषेशीं आणि आफ्रिकेजवळच्या मादागास्करच्या भाषेशीं मिळतात. आजही हें कोणासही पडताळून पाहतां येईल. मादागास्करमध्यें दोनला 'रुआ' आणि तीनला 'तेलु' असें म्हणतात. रापा नुई येथें 'रुआ' आणि 'तोरु' म्हणतात. एक बेट हिंदी महासागराच्या पश्चिमेस, दुसरें दक्षिण अमेरिकेच्या वाटेवर. तरी मोजण्याचे शब्द एकाच घरचे. ह्या अफाट कुळाला आज ऑस्ट्रोनेशियन हें नांव आहे, व त्यांत सुमारें १२०० भाषांचा समावेश होतो.

मात्र सारखेपणा पाहून पंडितही कसे चकतात ह्याचें उदाहरण भारतीय श्रोत्यांना विशेष बोधप्रद वाटेल. १७८६ सालीं सर विल्यम जोन्स ह्यानें कलकत्त्यास संस्कृत, ग्रीक व लॅटिन ह्या भाषांचा उगम एक असावा असें प्रतिपादन केलें. त्या विचाराला शास्त्राची बैठक देणाऱ्यांत फ्रान्त्स बॉप हा जर्मन पंडित अग्रगण्य होता. परंतु ह्याच बॉपनें १८४१ मध्यें ग्रंथ लिहून मलायी व पॉलिनेशियन भाषांचेंही नातें संस्कृताच्या कुळाशीं जोडलें. मोह पडावा असे कांहीं शब्द आहेतच. मलायींत दोनला 'दुआ', संस्कृतांत 'द्वि'; माओरींत तीनला 'तोरु', संस्कृतांत 'त्रि'. पण चारला माओरी 'फा' म्हणतात, संस्कृत 'चतुर्' म्हणतें. पांचला 'रिमा' व 'पञ्च'. येथें साम्याचा मागमूसही नाहीं. शिवाय खरें नातें असेल तर जितकें मागें जावें तितकें साम्य वाढलें पाहिजे. येथें उलटें घडतें. तैवानमधील आदिवासींच्या भाषा ह्याच कुळांतील असून फार जुन्या काळीं वेगळ्या झालेल्या आहेत. त्यांपैकीं अमीस भाषेंत दोनला 'तोसा' म्हणतात. म्हणजे मूळ शब्दाच्या मध्यें एक ऊष्म व्यंजन होतें, तें मलायींत लोपलें, आणि केवळ त्या लोपामुळें 'दुआ' हा शब्द 'द्वि' सारखा दिसूं लागला. साम्य होतें तें योगायोगाचें.

मग खरें नातें ओळखावयाचें कसें? शब्द सारखे दिसतात कीं नाहीं हें न पाहतां त्यांतील भेद नियमित आहे कीं नाहीं हें पाहावयाचें. टोंगा येथें माणसाला 'तांगाता' म्हणतात; माओरींतही 'तांगाता'; हवाईंत मात्र 'कानाका'. प्रथमदर्शनीं हा शब्द निराळाच वाटेल. पण डोळ्याला टोंगांत 'माता', हवाईंत 'माका'. तीनला टोंगांत 'तोलु', हवाईंत 'कोलु'. निषिद्ध ह्या अर्थीं टोंगांत 'तापु', हवाईंत 'कापु'. जेथें इतरांचा 'त', तेथें हवाईचा 'क'. जेथें इतरांचा 'ङ', तेथें हवाईचा 'न'. नियम कळला कीं 'तांगाता' आणि 'कानाका' हा एकच शब्द आहे हें उघड होतें. घराला टोंगांत व सामोआंत 'फाले', माओरींत व ताहितींत 'फारे', हवाईंत 'हाले' म्हणतात तेंही असेंच. असे नियमित भेद शेंकडों शब्दांत सांपडतात, व योगायोगानें तसें घडणें शक्य नाहीं. न्यू गिनींत जर्मन सरकारच्या चाकरींत वैद्य म्हणून राहिलेला ओटो डेम्पव्होल्फ ह्यानें १९३४ ते १९३८ ह्या काळांत तीन खंड प्रसिद्ध करून संबंध ऑस्ट्रोनेशियन कुळाचे असे ध्वनिनियम बांधले. त्यांतून एक महत्त्वाची गोष्ट बाहेर आली. पॉलिनेशिया, फिजी, मेलानेशियाचा मोठा भाग व मायक्रोनेशियाचा बराचसा भाग येथील भाषांत मूळचे कांहीं निरनिराळे ध्वनि, उदाहरणार्थ 'प' आणि 'ब', एकाच पद्धतीनें एकमेकांत मिसळून गेले आहेत. ह्याच समूहाला पुढें ओशनिक शाखा हें नांव मिळालें. तींत सुमारें ४५० भाषा येतात, आणि पॉलिनेशियन ही तिची एक उपशाखा ठरते.

कुळ ठरलें, आतां शाखा पाडावयाच्या. येथें एक तत्त्व पाळावें लागतें, व तें समजण्यास पोथ्यांचें उदाहरण सोयीचें आहे. पुणें येथील भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें महाभारताची चिकित्सक आवृत्ति अनेक दशकांच्या परिश्रमांनंतर १९६६ सालीं पुरी केली. अशा कामांत भिन्न भिन्न प्रांतांतील, भिन्न लिप्यांतील हस्तलिखितें पुढें मांडून त्यांचे वंश लावावे लागतात. दोन पोथ्यांत मूळचा शुद्ध पाठ सांपडला तर त्यावरून त्या दोघी एकमेकींच्या जवळच्या आहेत असें ठरत नाहीं; तो पाठ प्रत्येकीकडे मूळांतून स्वतंत्रपणें आलेला असूं शकतो. पण दोन पोथ्यांत एकच विशिष्ट चूक असेल, एकाच ठिकाणीं तीच ओळ गळलेली असेल, तर त्या दोघी एकाच चुकलेल्या पोथीवरून उतरल्या हें अनुमान निघतें. भाषांचेंही तसेंच आहे. जुनें सांभाळून ठेवणें हा नात्याचा पुरावा नव्हे. नवा बदल दोघींत सामाईक असणें हा पुरावा होय. मराठी, कोंकणी व गुजराथी ह्या तिन्ही भाषांत नपुंसकलिंग आहे, हिंदींत नाहीं. तेवढ्यावरून त्या तिघी एका आईच्या लेकी ठरत नाहींत. कारण नपुंसकलिंग हा संस्कृताचा वारसा आहे, तो तिघींनीं राखला इतकेंच. त्यांचें जवळचें नातें सिद्ध करावयाचें तर संस्कृतांत नसलेला एखादा सामाईक बदल दाखवावा लागेल.

पॉलिनेशियाच्या बाबतींत हें तत्त्व बाजूला पडलें होतें असें नाहीं. पण तें कसोशीनें लावलें जाण्यास वेळ लागला. नकाशा पाहतां टोंगा आणि सामोआ हे दोन्ही द्वीपसमूह पश्चिमेस, एकमेकांपासून सुमारें नऊशें किलोमीटरांवर आहेत. दोहोंचे रीतिरिवाज पुष्कळ बाबतींत मिळतात. १९३८ सालीं एडविन बरोज ह्यानें संस्कृतीच्या दृष्टीनें पश्चिम पॉलिनेशिया हा एक स्वतंत्र विभाग मांडला, त्यांत दोन्ही येतात. तेव्हां भाषांचेही पश्चिम व पूर्व असे दोन भाग असावेत, ही समजूत सहज होण्यासारखी होती. १९५३ मध्यें सॅम्युएल एल्बर्ट ह्यानें नित्याच्या शब्दांपैकीं शेंकडा किती शब्द कोणत्या दोन भाषांत सामाईक आहेत ह्याची मोजदाद केली. ही पद्धति उपयोगी खरी. पण तींत राखलेला शब्द आणि नवा शब्द ह्यांचें वजन सारखेंच धरलें जातें, म्हणजे शुद्ध पाठ आणि चूक एकाच तागडींत पडतात.

१९६६ सालीं न्यूझीलंडमधील अँड्र्यू पॉली ह्यानें केवळ शब्द न मोजतां सर्वनामें, उपपदें, प्रत्यय अशा व्याकरणाच्या अंगांत कोणते नवे बदल सामाईक आहेत हें तपासलें. त्याच वर्षीं पुरातत्त्वज्ञ रॉजर ग्रीन ह्यानेंही उपशाखांची मांडणी केली. निष्पन्न झालेलें उत्तर असें कीं, पॉलिनेशियन कुळाची पहिली फूट पश्चिम आणि पूर्व ह्यांच्यामध्यें पडलेली नसून टोंगा आणि सामोआ ह्या शेजाऱ्यांमध्यें पडलेली आहे. एका बाजूस टोंगा व नियुए ह्या दोनच भाषा, ही टोंगिक शाखा. दुसऱ्या बाजूस सामोआ, ताहिती, माओरी, हवाई, रापा नुई आणि बाकीच्या सर्व, ही केंद्रीय पॉलिनेशियन शाखा. म्हणजे सामोआची भाषा वंशानें शेजारच्या टोंगापेक्षां दूरच्या माओरीला व हवाईला जवळची आहे.

ह्याचा पुरावा तीन अंकांत सुद्धां दिसतो. दोन, तीन व नऊ ह्यांना टोंगा येथें 'उआ', 'तोलु', 'हिवा' म्हणतात. सामोआंत 'लुआ', 'तोलु', 'इवा'. माओरींत 'रुआ', 'तोरु', 'इवा'. हवाईंत 'लुआ', 'कोलु', 'इवा'. मूळ पॉलिनेशियन भाषेंत हे शब्द 'रुआ', 'तोलु' व 'हिवा' असे होते. त्यांत 'र' आणि 'ल' हे दोन वेगळे वर्ण होते. फिजीची भाषा पॉलिनेशियन नसली तरी निकटची आप्त आहे. तींत आजही दोनला 'रुआ' व तीनला 'तोलु' असाच भेद आहे. टोंगा व नियुए ह्यांनीं 'र' अजिबात टाकून दिला. म्हणून 'रुआ' चा 'उआ' झाला. 'ल' मात्र शाबूत राहिला. इतर सर्व भाषांत 'र' आणि 'ल' एकच होऊन बसले. कोणाकडे तो मिश्र वर्ण 'ल' असा उच्चारला जातो, कोणाकडे 'र' असा. पण दोनचा व तीनचा वर्ण एकच. शिवाय ह्याच भाषांत नऊमधील आरंभींचा 'ह' गळून पडला. येथें पोथ्यांचें तत्त्व पुन्हां आठवावें. टोंगा व नियुए ह्या दोघींत 'हिवा' चा 'ह' आहे, हा त्यांच्या नात्याचा पुरावा नव्हे. तो केवळ राखलेला वारसा. दोघींनींही 'र' गमावला, हा पुरावा. आणि सामोआ, माओरी, हवाई ह्यांनीं 'र' व 'ल' एक केले, 'ह' गमावला, हा त्यांच्या नात्याचा पुरावा.

एवढें झाल्यावर वाट सरळ असेल असें वाटेल. पण तींत दोन खांचखळगे आहेत. पहिला हा कीं, एकच बदल दोन भाषांत स्वतंत्रपणेंही घडूं शकतो. मासा ह्या अर्थीं टोंगांत व माओरींत 'इका' म्हणतात. सामोआ, ताहिती व हवाई येथें 'इ’आ' म्हणतात, म्हणजे 'क' च्या जागीं घसा क्षणमात्र मिटून आवाज तोडतात. होडीला टोंगांत 'वाका', माओरींत 'वाका'. सामोआ, ताहिती व हवाई येथें 'वा’आ'. हा सामाईक बदल धरून शाखा पाडली तर सामोआ, ताहिती व हवाई एकीकडे आणि माओरी दुसरीकडे जाईल. परंतु माओरी व ताहिती ह्यांना एकत्र बांधणारे दुसरे बदल इतके आहेत कीं ही विभागणी टिकत नाहीं. 'क' चा असा लोप हा उच्चाराच्या सोयीचा, जगांत अनेक ठिकाणीं घडणारा बदल आहे. तो ह्या भाषांत वेगवेगळ्या वेळीं घडला. 'त' चा 'क' होणें ही गोष्टही तशीच. हवाईंत ती रूढ झाली, सामोआच्या रोजच्या बोलण्यांत ती स्वतंत्रपणें आली, आणि हवाईच्याच निइहाउ बेटावर जुना 'त' अद्यापि ऐकूं येतो. म्हणून वर्गीकरण करणारा सहज घडणाऱ्या बदलांना थोडें वजन देतो, आणि विचित्र, अनपेक्षित बदलांना फार.

दुसरा खळगा उसनवारीचा. सामोआच्या पश्चिमेस उवेआ नांवाचें बेट आहे. त्याला वॉलिस असेंही म्हणतात. तेथील भाषा ऐकली तर ती टोंगाची बहीण वाटते, आणि कांहीं अभ्यासकांनीं तिला त्या शाखेंत बसविलेंही होतें. परंतु ह्या बेटावर टोंगाच्या लोकांनीं स्वारी करून पुष्कळ काळ वर्चस्व गाजविलें होतें. राज्यकर्त्यांचे शब्द प्रजेच्या तोंडीं बसले. शब्दांचा हा थर बाजूला केल्यावर खालची भाषा केंद्रीय शाखेची निघते, असें पॉली व ब्रूस बिग्ज ह्या अभ्यासकांनीं दाखविलें. मराठींत फारसी शब्द किती शिरले हें ज्यांना ठाऊक आहे त्यांना ह्यांत नवल वाटणार नाहीं. 'कागद' आणि 'शहर' मराठींत आले म्हणून मराठी फारसीची लेक झाली नाहीं.

अनपेक्षित बदलाचें उत्तम उदाहरण पूर्वेकडील भाषांत मिळतें. स्त्रीला सामोआंत 'फाफिने' म्हणतात. मूळ शब्दही तोच. माओरींत मूळचा 'फ' सामान्यतः 'फ' च्या जवळचाच राहतो, हवाईंत त्याचा 'ह' होतो. तेव्हां नियमाप्रमाणें माओरींत 'फाफिने' व हवाईंत 'हाहिने' व्हावयास हवें होतें. प्रत्यक्षांत दोन्हीकडे 'वाहिने' आहे, आणि ताहितींतही 'वाहिने' च. तसेंच जळाऊ लांकडाला सामोआंत 'फाफिए', पण माओरी व हवाई ह्या दोहोंत 'वाहिए'. पहिल्या 'फ' चा 'व' आणि दुसऱ्याचा 'ह' असा वांकडा बदल तीन ठिकाणीं स्वतंत्रपणें सुचणें संभवत नाहीं. ह्या लोकांचे पूर्वज वेगळे होण्यापूर्वीं एका ठिकाणीं राहून एकच भाषा बोलत असले पाहिजेत, आणि त्याच काळांत हा बदल झाला असला पाहिजे.

पुरातत्त्वाचा पुरावा ह्याशीं जुळतो. टोंगा व सामोआ येथें सुमारें २८०० वर्षांपूर्वीं वस्ती झाली. त्यानंतर पूर्वेकडील प्रसार दीर्घकाळ थांबला. २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या कालमापनाप्रमाणें ताहितीच्या परिसरांत माणूस इसवी सनाच्या अकराव्या शतकाच्या सुमारास पोंचला, आणि न्यूझीलंड, हवाई, रापा नुई ह्या दूरच्या टोंकांवर वस्ती झाली ती बहुधा ११९० ते १२९० ह्या दरम्यान. मधल्या दीड हजारांहून अधिक वर्षांत पूर्व शाखेच्या पूर्वजांची भाषा इतकी पालटली कीं आज तिच्या सर्व लेकींवर तो ठसा स्पष्ट दिसतो. पुढची पांगापांग मात्र त्वरेनें झाली, म्हणून लेकी एकमेकींना ओळखूं शकल्या. तुपाइआला माओरींशीं बोलतां आलें ह्याचें कारण हेंच. त्यांच्या पूर्वजांची ताटातूट होऊन तेव्हां जेमतेम पांचशें वर्षें झालीं होतीं.

पूर्व शाखेचे हे पूर्वज मधला काळ कोठें होते? नकाशा पाहून बहुतेकांनीं सामोआकडे बोट दाखविलें होतें. हवाई विद्यापीठांतील विल्यम विल्सन ह्यानें प्रथम १९८५ मध्यें व पुढें विस्तारानें २०१२ मध्यें निराळें मत मांडलें. मेलानेशियाच्या हद्दींत, सॉलोमन बेटांच्या उत्तरेस ओंटाँग जावा, ताकू, नुकुमानु अशीं समुद्रसपाटीला टेकलेलीं लहान प्रवाळबेटें आहेत. तेथील लोक पॉलिनेशियन भाषा बोलतात. हीं बेटें पश्चिमेस असल्यामुळें प्राचीन स्थलांतराच्या वाटेवर मागें राहिलेल्यांचीं तीं असावींत असें एके काळीं वाटे. भाषा पाहतां तेथील लोक पूर्वेकडून परतलेल्यांचे वंशज ठरतात. विल्सनला सर्वनामें व इतर व्याकरणरूपें ह्यांत ह्या बेटांचे आणि हवाई, माओरी, ताहिती ह्यांचे असे सामाईक बदल आढळले कीं जे सामोआंत नाहींत. तें मत खरें असेल तर पूर्व पॉलिनेशियाची वाट सामोआवरून सरळ पूर्वेस न जातां ह्या उपेक्षित प्रवाळबेटांवरून गेली असें म्हणावें लागेल. ह्यावर विद्वानांत वाद आहे.

वंशवृक्षाची उपमाही सर्वत्र लागू पडत नाहीं. पॉल गेराटी ह्यानें १९८३ मध्यें दाखविलें कीं, फिजीची पूर्व बाजू एके काळीं पॉलिनेशियनच्या पूर्वजांशीं एका बोलीच्या साखळींत होती, व नंतर ती पश्चिम फिजीशीं जोडली गेली. पूर्व पॉलिनेशियांत हवाई व मार्केसास ही एक जोडी, ताहिती व माओरी ही दुसरी, अशी फोड पुष्कळ वर्षें पाठ्यपुस्तकांत होती. मेरी वॉलवर्थ हिनें २०१४ मध्यें ती दुर्बळ पुराव्यावर उभी आहे असें दाखविलें. बेटांबेटांतून होड्या जात येत होत्या. सोयरिकी होत होत्या, शब्द जात येत होते. फांदी एकदां फुटली म्हणजे पुन्हां खोडाला चिकटत नाहीं. माणसें मात्र पुन्हां भेटतात.

ह्या सूक्ष्म चर्चेवर किती मोठी गोष्ट अवलंबून आहे हें विसाव्या शतकांत दिसून आलें. १९४७ सालीं थोर हेयरडाल हा नॉर्वेचा धाडसी पुरुष 'कॉन-टिकी' नांवाच्या तराफ्यावरून पेरूहून निघाला व १०१ दिवसांनीं तुआमोतु बेटांतील रारोइआ येथें लागला. पॉलिनेशियाची पहिली वस्ती अमेरिकेहून वाऱ्यावर व प्रवाहावर आली असें त्याचें म्हणणें होतें. त्याचें धैर्य वादातीत. पण भाषांची साक्ष त्याच्या विरुद्ध गेली. सर्वांत जुन्या फुटी पश्चिमेस आहेत, सर्वांत ताज्या पूर्वेस. अमेरिकेकडून वस्ती झाली असती तर हा क्रम उलटा असता. १९५६ मध्यें अँड्र्यू शार्प ह्यानें, हे लोक हेतुपूर्वक दूरचा प्रवास करूं शकत नव्हते, वाट चुकून, वाहवत जाऊन त्यांना बेटें सांपडलीं, असें प्रतिपादन केलें. त्याला उत्तर १९७६ सालीं समुद्रावर मिळालें. 'होकूलेआ' ही जुन्या धर्तीवर बांधलेली जोडहोडी हवाईहून निघून होकायंत्रावांचून ताहितीला पोंचली. नक्षत्रें, लाटा व पक्षी ह्यांच्या खुणांवर तिला नेणारा माउ पिआइलुग हा मायक्रोनेशियांतील सातावाल बेटाचा. त्याची मातृभाषाही ओशनिक शाखेचीच.

तथापि भाषेची साक्ष निःपक्षपाती असते. अमेरिकेशीं कांहींच संबंध नव्हता असेंही ती म्हणत नाहीं. रताळ्याला माओरींत व रापा नुई येथें 'कुमारा' म्हणतात. दक्षिण अमेरिकेंतील केचुआ भाषेच्या कांहीं बोलींत त्याच जातीच्या कंदाला 'कुमार' हा शब्द आढळतो. आणि रताळें मूळ अमेरिकेचेंच. २०२० मध्यें प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक संशोधनांतही इ. स. १२०० च्या सुमारास दोन्ही लोकांची गांठ पडल्याच्या खुणा मिळाल्या. एक शब्द उसना आला. व्याकरण, अंक, नात्यांचीं नांवें सर्व पश्चिमेचीं राहिलीं. पाहुणा आणि पूर्वज ह्यांतील फरक भाषेनें नीट जपून ठेवला.

शेवटीं ह्या वंशावळीचा उपयोग जिवंत माणसांना काय झाला, हेंही सांगितलें पाहिजे. हवाईंत १८९६ च्या कायद्यानें शाळांतील शिक्षणाचें माध्यम इंग्रजी झालें, आणि पुढील तीन पिढ्यांत हवाई भाषा घराघरांतून नाहींशी होत गेली. १९७८ मध्यें तिला तेथील राज्यघटनेनें राजभाषेचा दर्जा दिला. पण बोलणारीं मुलें उरलीं नव्हतीं म्हटलें तरी चालेल. तिकडे न्यूझीलंडमध्यें माओरी लोकांनीं १९८२ सालीं 'कोहांगा रेओ', म्हणजे भाषेचें घरटें, ह्या नांवाच्या बालशाळा काढल्या. त्यांत आजीआजोबांच्या वयाचीं माणसें लहान मुलांशीं केवळ माओरींत बोलत. तें पाहून हवाईंत १९८३ सालीं एक संस्था निघाली व १९८४ मध्यें तिची पहिली बालशाळा उघडली. तिचें नांव 'पूनाना लेओ'. त्याचा अर्थही भाषेचें घरटें असाच. माओरीचा 'रेओ' आणि हवाईचा 'लेओ' हा एकच शब्द, 'र' आणि 'ल' एक झाल्याची आणखी एक खूण. ही संस्था स्थापन करणाऱ्यांत एक विल्यम विल्सन होता; प्रवाळबेटांच्या व्याकरणांतून हवाईच्या पूर्वजांची वाट शोधणारा तोच हा विद्वान.

१७६९ मध्यें नदीच्या दोन तीरांवरून दोन चुलतभावांनीं एकमेकांची भाषा ओळखली. त्यानंतर दोनशें वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर एका भाषेला मरणाच्या दारांतून परतावयाचें होतें, तेव्हां वाट दाखविली ती तिच्याच बहिणीनें.